आमेननंतर

सोमवार, ४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

फोन केला तर तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच तोडता येत नाही. फाडता येईल, पण माझी धाकटी जाऊ ते आधी स्वतः वाचल्याशिवाय तुमच्या हाती लागू देणार नाही, एवढा माझा तिच्यावर भरवसा आहे.

तर बातमी अशी, की तुमचे दादा आज दुपारी पोटभर जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ताट स्वच्छ केलं आणि टेबलाशी बसल्या बसल्याच घोरायला लागले. गेले दोन महिने हा माणूस ताटात नुसती बोटं फिरवत होता. डॉक्टर झाले, पोटाचे फोटो झाले, काही निघालं नाही. आज सकाळी त्यांची प्राचार्यपदाची नोकरी जवळजवळ गेल्यात जमा झाली, आणि आता पलीकडच्या खोलीतून घोरणं ऐकू येतंय. हसावं की रडावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आपल्या डोंगरावरच्या मिशनात बातम्या कशा कळायच्या, आठवतं ना? संध्याकाळच्या प्रार्थनेत. दिवसभर माणसं येऊन तुमच्या दादांना विहिरीपाशी, दवाखान्याच्या पायरीवर, जिथे गाठतील तिथे आपापलं दुखणं सांगायची. संध्याकाळी हे डोळे मिटून ते सगळं नावानिशी प्रभूपुढे ठेवायचे. कुणाची शेळी मेली, कुणाची सून रुसून गेली, कुणाला दिवस राहिले. कुणाला त्यात काही गैर वाटायचं नाही, उलट आपलं नाव राहिलं तर माणसं फुगून बसायची. दवाखान्यातल्या नर्सवर तुमचं मन बसलंय, हेही तुम्ही दादांना विश्वासानं सांगितलं होतंत आणि त्याच संध्याकाळी अख्ख्या मंडळीनं ऐकलं. तुमचे कान लालेलाल झाले होते. नशीब, की नर्सबाई समोरच बसल्या होत्या आणि आमेन त्याही म्हणाल्या.

इथली प्रार्थना तशी नाही. ती कार्यालयात टाइप होते. पहिल्याच आठवड्यात सचिवांनी येऊन अदबीनं सांगितलं, “सर, इथे वेळेचं बंधन असतं. आणि प्रार्थनेत नावं टाळलेली बरी.” तेव्हापासून तीन वर्षं तुमचे दादा दर सोमवारी चॅपलमध्ये उभे राहून तो कागद वाचतात, विजेचं बिल वाचावं तसा.

आज सकाळी निघताना ते आपल्याच चष्म्यावर बसले. काडी इकडे, काच तिकडे. चॅपलमध्ये उभे राहिले, कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, शेवटी घडी करून खिशात घातला. मग पुढ्यातला लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरून त्यांनी डोळे मिटले. मी दुसऱ्या बाकावर होते. त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले आणि मी मनात म्हटलं, आले बाई, डोंगरावरचे खांदे आले! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

सुरुवात छान झाली. वसतिगृहाच्या आचाऱ्याचा भाजलेला हात झाला, माळ्याच्या बायकोचं बाळंतपण झालं. मुलं चुळबूळ करायची थांबून ऐकायला लागली. आणि मग, त्याच सुरात, “हे दयाळू पित्या, आमच्या अध्यापक विभागाला सांभाळ. जूनमध्ये तो बंद होईल, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी कुठे जावं ते आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. त्यांना हे अजून कुणीच सांगितलेलं नाही. ते सांगण्याचं धैर्य मला दे. आमेन.”

एकही माणूस आमेन म्हणाला नाही.

विश्वस्तांनी डिसेंबरातच ठरवलं होतं म्हणे, बंद दाराआड. शाळामास्तर घडवणारा विभाग आता कुणाला नको, ती इमारत नव्या अभ्यासक्रमांना हवी. पण परीक्षा होईपर्यंत बाहेर कळू द्यायचं नाही, नाहीतर शिक्षक आधीच निघून जातील. शपथा घातल्या होत्या. म्हणून यांनी मलासुद्धा सांगितलं नाही, आणि मी बसले होते पोटाला ओवा देत.

विभागाच्या प्रमुख बाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. “सर, हे...” एवढंच त्या म्हणाल्या, तोवर सचिवांनी पेटीवाल्याला खूण केली आणि पेटी अशी दणक्यात सुरू झाली, की पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. सगळे मेल्यासारखे गायले.

घरी आल्यावर मला विचारतात, “मी बोललो का गं ते?”

“बोललात.”

“मोठ्यानं?”

“अगदी शेवटच्या बाकापर्यंत.”

मग खुर्चीत बसून राहिले. म्हटलं, आता छातीला हात लावतात की काय. तर म्हणाले, “भूक लागलीय.”

तुमची,
वहिनी


गुरुवार, ७ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सोमवारचं पत्र तुम्हाला अजून मिळालंही नसेल. तरी लिहिते, कारण बोलायला दुसरं कुणी नाही. इथे सगळ्या बायका मला ‘मॅडम’ म्हणतात, आणि मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून कुणी बोलत नाही, मॅडमलाही ठेवता येत नाही.

मंगळवारी विश्वस्तांची तातडीची बैठक झाली आणि काल वकीलसाहेब स्वतः बंगल्यावर आले. हे आमचे विश्वस्तांचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, गुडघ्यानं बेजार आहे, बसताना आणि उठताना देवाचं नाव घेतो. त्यांनीच तर तुमच्या दादांना डोंगरावरून इथे आणलं. कॉलेजला तेव्हा मिशनात हाडं झिजवलेला प्राचार्य हवा होता. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर यांचा विहिरीपाशी काढलेला फोटो अजून छापतात. विहीर खोदणारे पाच-पन्नास हात फोटोत कुठेच नाहीत, पण ते जाऊ द्या.

वकीलसाहेब म्हणाले, “सर, प्रार्थना म्हणजे काही ठराव नव्हे. माणूस भावनेच्या भरात बोलून जातो.”

“मी चांगला शुद्धीवर होतो,” हे म्हणाले.

“तेच तर म्हणतोय मी. तुम्ही शुद्धीवर होतात, ऐकणारे नव्हते. त्यांचा गैरसमज झाला.”

पुढच्या सोमवारी चॅपलमध्ये उभं राहून एवढंच सांगायचं, की विभागाबद्दल नुसती चर्चा चालू आहे, निर्णय कसलाच नाही, माझ्या शब्दांचा अर्थ वेगळा घेतला गेला. मग सगळं विसरलं जाईल. नाहीतर राजीनामा. मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. मी चहा द्यायला गेले तेव्हा वाचून घेतला. भाऊजी, वकिली म्हणजे काय ते मला काल कळलं. त्यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर खरं, आणि सगळी मिळून धडधडीत खोटं. ‘निर्णय’ नाही, कारण कागदावर अजून सही व्हायची आहे. बस, एवढ्यावर सगळं उभं.

यांनी कागद घेतला. “विचार करतो,” म्हणाले.

संध्याकाळी प्रमुख बाई मागच्या दारानं आल्या. स्वयंपाकघरातच बसल्या, बैठकीत यायला तयार होईनात. त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेनं बोलावलं आहे, मुख्याध्यापिका म्हणून. जागा चांगली आहे, येत्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ‘नाही’ म्हणून कळवणारच होत्या, कारण हा विभाग त्यांनी आपल्या हातानं उभा केला. आयुष्य घातलं त्यात बाईंनी, लग्नसुद्धा केलं नाही. यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “सर, मला बाकी काही नको. फक्त एवढं सांगा, त्यांना हो लिहू की नाही लिहू?”

मी पदराला हात पुसत उभी होते. म्हटलं, आता सांगतील. यांच्या तोंडून ‘हो’ निघायला असा कितीसा वेळ लागणार? डोंगरावर सावकाराच्या माणसांनी शाळेचं दार अडवलं होतं, तेव्हा यांचा आवाज थरथरलासुद्धा नव्हता.

हे म्हणाले, “बाई, सोमवारपर्यंत थांबा.”

बाईंनी मान हलवली, पायात चपला घातल्या आणि निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

आता मनातलं सांगते. तुम्ही शेवटचं भांडलात, तेव्हा यांना म्हणाला होतात, “दादा, तिथे गेलास की तुझ्या तोंडचं खरं आधी कार्यालयातून मंजूर होऊन येईल.” तेव्हा मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की तुमच्यासाठी बांधलेली शिदोरी पुन्हा डब्यात ओतली. तीन वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत आले. काल बाई गेल्यावर माझ्याजवळ एकही उत्तर उरलं नाही.

वहिनी


रविवार, १० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

चष्मा दुरुस्त होऊन आला. वकीलसाहेबांचा कागद आता यांना स्वच्छ वाचता येतो. न्हाणीघरात पाणी सोडून ते पाठ करत असतात. त्यांना वाटतं, पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

आणि तुम्ही मला एकदम साध्वी समजू नका, म्हणून हेही लिहिते. मला हा बंगला आवडतो. नळ सोडला की गरम पाणी येतं. खिडक्या लावल्या की लागतात. एक खोली माझी एकटीची आहे, तिच्यात माझं शिवणयंत्र आहे आणि दाराला आतून कडी आहे. डोंगरावर इतकी वर्षं काढली, त्यात माझ्या मालकीचा एक कोपरा नव्हता. रात्री-अपरात्री कुणीही यायचं, बाळंतीण माझ्याच अंथरुणावर निजवली जायची. मी कुरकुरले नाही कधी, पण विसरलेही नाही. म्हणून शुक्रवारी मीच यांना म्हणाले, “वाचून टाका ना एकदाचं. सगळ्या जगाचा भार तुमच्याच डोक्यावर आहे का?”

हे म्हणाले, “बरं.”

भाऊजी, माझा जीव उडाला. लग्न झाल्यापासून या माणसानं माझं म्हणणं इतक्या पटकन कधी ऐकलेलं नाही. साधी कोटाची गुंडी लावून देते म्हटलं तरी वाद घालतात. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला, नुसतं बरं? म्हणजे ते वाट बघत होते. कुणीतरी म्हणावं, मग करायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं, आणि तो कुणीतरी मी झाले. रात्रभर मला स्वतःचीच शिसारी आली.

शनिवारी सकाळी मी माझे शब्द परत घेतले. म्हटलं, “वाचू नका. गेला बंगला तर गेला.”

मग मात्र भडकले. डोंगर सोडल्यापासून पहिल्यांदा एवढे ओरडले. “तुम्हा सगळ्यांना सोपं आहे! तिथे खरं बोलायला मला लागत काय होतं? होतं काय माझ्याकडे? दोन सदरे आणि एक कंदील! इथे मी रस्त्यानं निघालो की माणसं थांबून हात जोडतात. मला ते आवडतं. ऐकलंस? आवडतं मला! ही खुर्ची गेली तर या वयात मी कोण? कुठे जाऊ? डोंगरावर? त्याच्या दारात? तो म्हणेल, बघ, मी सांगितलं नव्हतं?”

‘तो’ म्हणजे तुम्ही. म्हणजे तीन वर्षं या घरात ज्याचं नाव निघालं नाही, तो माणूस सगळा वेळ इथे पाय पसरून बसलेला होता तर.

ते रडायला लागले, मग मीही रडले, मग दोघांनाही कळेना आता थांबायचं कसं. शेवटी दूधवाल्यानं घंटी वाजवली म्हणून थांबलो.

तर आजची गोष्ट अशी, की कागद त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. उद्या काय करणार विचारलं तर म्हणतात, “मला माहीत नाही.” हे मात्र खरं बोलतायत. सोमवारी हा माणूस खोटं बोलला तर मी त्याला सोडून जाणार नाही, स्वयंपाकही करीन, गुंड्याही लावीन. पण ज्याच्याशी मी लग्न केलं तो कुठे गेला, हे मला जन्मभर कुणाला विचारता येणार नाही. भीती वाटते ती एवढ्याची.

धाकटीला सांगा, माझ्यासाठी प्रार्थना कर. मोठ्यानं केली तरी चालेल.

वहिनी


सोमवार, ११ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

जीव भांड्यात पडला! हे पहिलं लिहिते, मग बाकीचं. घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर बघा.

सकाळी चॅपलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कधी न येणारी रसायनशास्त्राची मंडळी खिडक्यांना टेकून उभी. पहिल्या बाकावर वकीलसाहेब, सचिव आणि उरलेले विश्वस्त, फोटोला बसल्यासारखे. प्रमुख बाई मधल्या बाकावर, हात मांडीवर. मी नेहमीच्या जागी. माझी तर पाचावर धारण बसली होती.

हे उठले. कोटातून कागद काढला, चष्मा लावला. वाचायला लागले हो, भाऊजी. “गेल्या सोमवारच्या प्रार्थनेतील काही शब्दांचा...” इथवर वाचलं. वकीलसाहेबांनी समाधानानं पाय लांब केला. मी डोळे मिटून घेतले, मला बघवेना.

पुढचा शब्द येईना. मला वाटलं ओळ चुकले असतील. डोळे उघडून बघते तर यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि कागदाकडे असे बघत होते, जसं दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्याकडे आलंय.

म्हणाले, “हे मला वाचता येत नाही. चष्मा चांगला आहे. पण गेल्या सोमवारी मी जे बोललो, ते तुमच्याशी बोललो नव्हतो. ज्याच्याशी बोललो, त्याच्यासमोर आता उभा राहून, बाबा रे, तुझा गैरसमज झाला, असं मी कसं म्हणू?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

“अध्यापक विभाग जूनमध्ये बंद करायचा, असं ठरलं आहे. बैठकीत मी होतो. विरोध मी केला, पण हळू आवाजात केला. तुम्हाला मी सांगायला हवं होतं, समोर येऊन, नावानं हाक मारून. ते केलं नाही आणि डोळे मिटून सांगितलं, याची मला लाज वाटते. बाई, तुम्ही त्या शाळेला हो लिहा.”

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. रडत होत्या, पण मान अशी हलवत होत्या, की कुणालाही वाटलं असतं यांनी आनंदाचीच बातमी दिली. नंतर मला म्हणाल्या, “मॅडम, आठवडाभर मी जमिनीवर पाय कुठे ठेवू ते शोधत होते.” मग मला मिठी मारली. मॅडमला!

शेवटी हे म्हणाले, “आता प्रार्थना करू या.” आणि काय सांगू, या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच पहिल्या बाकावर एकानंही डोळे मिटले नाहीत. सचिवांच्या कपाळावर घाम. वकीलसाहेब तर बाकाची कड धरून बसले होते, आता हा माणूस माझं काय बाहेर काढतो म्हणून. यांनी प्रार्थना केली ती त्यांच्या गुडघ्यासाठी. नावानिशी. उजवा गुडघा, असं स्पष्ट सांगून, म्हणजे वर घोटाळा व्हायला नको. वकीलसाहेबांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला दुसऱ्या बाकावर ऐकू आला.

आमेन मात्र या वेळी सगळे म्हणाले.

घरी येताना हे माझ्यापुढे चार पावलं चालत होते, डोंगरावर चालायचे तसे, मागे वळून न बघता. मी मागून हाका मारत होते, “अहो, हळू!” मला इतकं बरं वाटत होतं, की ते थांबू नयेत असंच वाटत होतं.

वहिनी


बुधवार, २० मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र आलं. आधी आमचं सांगते, मग तुमच्या पत्राकडे वळते.

आम्ही बंगला सोडला. विश्वस्तांनी राजीनामा घेतला, तोही सन्मानानं, हार वगैरे घालून. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. हे म्हणाले, “पण माझी प्रकृती तर उत्तम आहे.” बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कारण न लिहिताच कागद पुरा केला. वकीलसाहेब निघताना यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमच्यासारखा प्राचार्य पुन्हा मिळणार नाही, आणि मिळू नये.” दोघंही हसले. मीही हसले, पण मग आत जाऊन गरम पाण्याच्या नळाचा निरोप घेतला.

विभाग बंद होणारच आहे, ते काही टळलं नाही. पण आता उघड झाल्यावर पालक आले, जुने विद्यार्थी आले, आपापल्या शाळांतून रजा काढून मास्तर आले. तेव्हा एवढं मान्य झालं, की सध्याची मुलं शिकून बाहेर पडेपर्यंत विभाग चालेल आणि शिक्षकांना दुसरीकडे लागायला तेवढी सवड मिळेल. प्रमुख बाईंची शाळा त्यांच्यासाठी थांबायला तयार आहे. एक मास्तर लगेच दुसरीकडे लागले आणि त्यांची जागा रिकामी झाली. बाईंनी ती कुणाला द्यावी? तुमच्या दादांना. आता ते होऊ घातलेल्या मास्तरांना फळ्याकडे पाठ न करता लिहायचं कसं, ते शिकवतात. बाई तपासायला येतात आणि शेरे मारतात. परवा शेरा होता, ‘आवाज चांगला, वेळेचं भान नाही.’ घरी आल्यावर मला दाखवला, बक्षीस मिळाल्यासारखा.

आम्हाला कॉलेजच्या मागच्या आळीत दोन खोल्या मिळाल्या आहेत. शिवणयंत्र स्वयंपाकघरात आहे. कडी असलेली खोली गेली, त्याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण यांना आता झोप लागते, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला झोप लागली की आपल्यालाही लागते. मला मॅडम म्हणणं बायकांनी सोडलं आहे. शेजारीण तर काल माझी कात्री न विचारता घेऊन गेली. किती दिवसांनी मी कुणावर मनासारखी ओरडले!

आता तुमचं पत्र. काय ते पत्र! मी चार पत्रं लिहिली, काळजाचं पाणी करून लिहिली, आणि तुम्ही काय कळवता? पंपाचा पट्टा तुटला. शाळेच्या पत्र्याला गळती आहे. धाकटीची कंबर बरी आहे. आणि सगळ्यात खाली, सही केल्यावर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, “संध्याकाळच्या प्रार्थनेला माणसं विचारतात. मला दादासारखं जमत नाही. सुट्टी लागली की पाठवून द्या.”

मी यांना पत्र वाचून दाखवलं. पंपाचा पट्टा मन लावून ऐकला, पत्र्याची गळती ऐकली. शेवटची ओळ ऐकल्यावर उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाठमोरे. मग म्हणाले, “तो रागावलेला नाही?”

“नाही.”

“फाट्यावर न्यायला येईल का? की मी आपला एकटाच चढून जाऊ?”

भाऊजी, काय सांगू. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा मला दिसला असता तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. पण दिसत होती ती फक्त पाठ, आणि तुमच्या दादांची पाठ आताशा फार बारीक झाली आहे. मी पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं आणि पदरची एक ओळ घालून वाचली, “शनिवारी फाट्यावर मी स्वतः येतो.”

“असं लिहिलंय?”

“हो तर.”

तेव्हापासून पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आणि दर थोड्या वेळानं तिच्यातून काहीतरी काढून पुन्हा घालतात. येत्या शनिवारी, सुट्टी लागताच, पहिल्या गाडीनं निघतील. हे पत्र आजच तुमच्याकडे येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला मिळेल.

आमच्या घरात खोटं बोलणारी आता मी एकटीच उरले आहे. शनिवारी फाट्यावर या, भाऊजी, म्हणजे मीही सुटले.

तुमची,
वहिनी